खंडेनवमीचा रंग

"ही पोरगी माझ्या गाडीला हात लावणार?" असं सर्वेश म्हणाला, आणि शिवकन्या म्हणाली, "लावून झालाय. आता पुसायचा का?"

भांडण इथूनच सुरू झालं. नावगाव विचारून मग भांडावं एवढा धीर दोघांपैकी एकालाही नव्हता.

लातूरच्या नांदेड नाक्यावर गुरुपादप्पांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. गुरुपादप्पा हे शिवकन्येचे मामा. ती अकरावी सायन्सला, क्लाससाठी मामांकडं राहिलेली. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज आणि संध्याकाळी दुकान. वायर सोलायला, वायरीच्या टोकाच्या लगला कथलाचा डाग द्यायला ती मामांच्या शेजारी बसायची, आणि हल्ली हल्ली तर मामांनाच "असं न्हाई, असं" म्हणून दाखवायची. मामा हसायचे. मामी हसायच्या नाहीत.

सर्वेशची गाडी म्हणजे लालभडक एस्टीम. पुण्याहून इंजिन तयार करून आणलेली, सायलेन्सरमधून म्हशीसारखी हंबरणारी. पुढचं वजन कमी व्हावं म्हणून बॅटरी बॉनेटमधून उचलून डिकीत बसवलेली. इंजिन फिरवणारा सेल्फ मोठा, डायनामो मोठा, पण वायर मात्र तीच जुनी, कंपनीची, बारकी. त्यामुळं चावी फिरवली की सगळा जोर वायरीतच जिरायचा आणि गाडी आजाऱ्यासारखी कण्हायची. मागच्या बॅटरीपासून पुढच्या सेल्फपर्यंत, डायनामोपासून बॅटरीपर्यंत सगळी जाड केबल नव्यानं ओढायची होती. तीही दसऱ्यानंतरच्या रविवारच्या आत, कारण त्या रविवारी नांदेडला विष्णुपुरीच्या पलीकडच्या माळावर मातीतली शर्यत होती.

शर्यतीशी सर्वेशच्या वडलांचं काय देणंघेणं? तर होतं. त्याचे वडील म्हणजे मार्तंड सर. लातुरात सरांचा तीन मजली क्लास, खाली सायकलींचं जंगल, त्यात एक शिवकन्येचीही, आणि आता नांदेडला नवी शाखा. गाडीच्या बॉनेटवर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मार्तंड क्लासेस, आता नांदेडमध्येही'. गाडी धुरळा उडवत पळणार, पालक टाळ्या वाजवणार आणि पोरांची नावं घालणार, असा सगळा बेत.

"कुठल्या गावची गं तू?" सर्वेशनं विचारलं.

"किल्लारीच्या बाजूची."

"मग कशाला वायरी सोलत बसलीस? सर्टिफिकेट असंल की भूकंपग्रस्ताचं. मार्क नसले तरी नोकरी पक्की."

मामांची पकड हातातच थांबली. नऊ वर्षांमागं त्या पहाटे शिवकन्येची आजी गेली होती आणि पाळण्यातला भाऊ गेला होता. नव्या गावात आता रांगेनं सारखी घरं होती आणि त्यांच्या घराचं दार उघडलं की आई अजून आधी छताकडं बघायची.

शिवकन्या उठली. केबलचा तुकडा तिच्या हातात होता. मामांना वाटलं, ही आता मारती.

"सर्टिफिकेट देते की तुला," ती म्हणाली. "फक्त आधी तुझं घर पहाटं पहाटं पाडून दाखव. आत माणसं झोपलेली असताना."

सर्वेशचा चेहरा गाडीच्या रंगाचा झाला. "मामा, मी घेऊन जातो गाडी."

"घेऊन जावा," मामा म्हणाले. "धक्का मारायला माणसं आणलीत का?"

माणसं आणली नव्हती. आणि लातुरात ही असली केबल ओढून देणारा दुसरा कुणी त्याला माहीत नव्हता. तो दाराशी गेला, परत आला, आणि तिच्याकडं न बघता बोलला. "लावू दे हात. पण नांदेडला गाडीनं दगा दिला, तर क्लासच्या फाटकात पाय ठेवायचा न्हाई. सांगून ठेवतो."

"आणि पळाली तर?"

"पळाली तर काय?"

"तर मी स्पेशल बॅचला."

सध्या ती रेग्युलर बॅचला होती. रेग्युलर बॅच म्हणजे लग्नाच्या मंडपाएवढा हॉल. शेवटच्या बाकावरून फळा पाटीएवढा दिसायचा आणि शंका विचारली तर पुढची पोरं मागं वळून बघायची, जणू हिनं शिंकच दिली. स्पेशल बॅचला सर स्वतः शिकवायचे. तिथून पोरं सरळ इंजिनीअरिंगला जायची. शिवकन्येला वीज शिकायची होती, पूर्ण, मुळापासून. निव्वळ डाग देऊन तिचं भागणार नव्हतं. त्या हॉलच्या दारावरून जाताना ती रोज मान वळवायची.

"बोलतो पप्पांना," सर्वेश म्हणाला. "पण पळाली तर."

त्या दिवसापासून शिवकन्या जमिनीवर नव्हतीच. वेल्डिंगवाल्यांची जाड तांब्याची केबल तिनं स्वतः मापून कापली, टोकाला लग ठोकले, वितळलेलं कथील असं भरलं की आत सुईला जागा राहू नये. गाडीच्या पोटाखालून केबल नेताना पत्रा कापेल तिथं तिथं रबर घातलं. डिकीत बॅटरीजवळ मोठा फ्यूज बसवला. केबल बघून ती एकटीच हसायची. व्यंकट म्हणायचा, "केबलच्या गळ्यात हार घाल आता."

"घालते की, दादा."

व्यंकट हा मामांचा मुलगा, दुकानात बापाच्या हाताखाली. त्यांच्यात मामाच्या पोराला भाचीनं दादा म्हणायचं नसतं, कारण उद्या सोयरीक निघू शकते. म्हणून तर शिवकन्या मुद्दाम म्हणायची, मोठ्यानं, नाक्यापर्यंत ऐकू जाईल असं. व्यंकट चिडायचा. त्यालाही हिच्याशी लग्न नकोच होतं, पण नको म्हणायचा मान आपल्याकडं असावा असं त्याला वाटायचं. आणि नीलाबाई मामींना तर दोन्ही बाजूंनी राग. पोरगी सून म्हणून आली तर डोक्यावर बसणार, आणि नाही आली तर नवरा दुकान हिच्याच हातात देणार.

"पोरीच्या जातीनं गाडीखाली झोपायचं?" मामी स्वयंपाकघरातून म्हणायच्या. "लोकं काय म्हणतील?"

"लोकं म्हणतील, पाय लई लांब हायत," गाडीखालून उत्तर यायचं.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं मोठं काम उरलं होतं, इंजिनाच्या अर्थचं, म्हणजे अर्थिंगचं. मामांनी तिला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट हीच होती: बॅटरीतून जेवढा करंट जातो, तेवढाच परत यावा लागतो. जायला जाड केबल, तसा यायलाही जाड रस्ता हवा. हा रस्ता म्हणजे इंजिनापासून गाडीच्या पत्र्याला जोडलेली अर्थची पट्टी. तिथं लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे, मध्ये रंग नको, गंज नको. शिवकन्येनं पत्र्यावरची ती जागा पॉलिश पेपरनं घासून घासून रुपयासारखी चकचकीत केली. बोल्टचं भोकही आतून घासलं. तेवढ्यात दिवेलागण झाली आणि मामा म्हणाले, "बस. आता दसरा झाल्यावर."

कारण या दुकानाचा एक नेम होता. खंडेनवमीला हत्यारं धुवायची, त्यांना रंग द्यायचा, पूजेला मांडायची, आणि दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. व्हाइस, जॅक, बॅटरीचा चार्जर, लाकडी घोडा, सगळं दरवर्षी नव्या रंगानं नवरीसारखं व्हायचं. उघडं लोखंड देवापुढं ठेवायचं नाही, हे मामींच्या सासूबाईंपासून चालत आलेलं. दुकानात मुक्कामाला असलेली गाडीही पूजेत धरायची.

शिवकन्या त्या सकाळी घरात नव्हती. क्लासला सणाची सुटी नसायची. उलट सणाला टेस्ट असायची. ती परत आली तेव्हा एस्टीमच्या बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, काचेवर कुंकवाची बोटं. बॉनेट बंद. हार काढून बॉनेट उघडणं म्हणजे मामींच्या हातचा मार. तिनं उघडलं नाही.

दसऱ्यानंतर पुन्हा टेस्ट. जाता जाता ती व्यंकटला म्हणाली, "दादा, अर्थची पट्टी आवळून घे. जागा घासून ठेवलीय मी."

"हाव हाव. तू जा. तू गेल्यावरच काम होतं नीट."

संध्याकाळी तिनं चावी फिरवली. सेल्फनं इंजिन असं झटक्यात उचललं की शेजारच्या पंक्चरवाल्यानंही मान वर केली. शिवकन्या दुकानात दोन्ही हात वर करून नाचली. मामी दारातून म्हणाल्या, "नाच. पेपरातले मार्क बघून पण असंच नाच."

तिनं बॉनेट उघडून पट्टी बघितली? बघितली, वरवर. बोल्ट घट्ट होता. घट्ट बोल्टच्या खाली काय आहे हे कशाला बघायचं?

रविवारी मामांना दुकान सोडता येईना, म्हणून व्यंकट आणि शिवकन्या पहाटेच्या एसटीनं नांदेडला गेले. गाडी सर्वेशनं आदल्या दिवशीच चालवत नेली होती. माळावर दोऱ्या बांधलेल्या, भोंग्यावर हिंदी गाणी, भोकर-नायगावकडून आलेली पोरं जीपच्या टपावर बसलेली. एका बाजूला सरांच्या क्लासचा तंबू, पत्रकं वाटणाऱ्या ताया, आणि खुर्चीत स्वतः मार्तंड सर. पांढरा सफारी, पायात चकचकीत बूट, बुटांवर नांदेडची माती.

सकाळी गाडी चांगली पळाली. सरावाच्या फेरीत तर तिनं परभणीच्या झेनला मागं टाकलं. पण प्रत्येक फेरीआधी गाडी बंद, चालू, पुन्हा बंद, पुन्हा चालू. दुपारी ऊन डोक्यावर आलं आणि सेल्फ जड झाला. तिसऱ्या वेळी त्यानं फक्त 'टक्' केलं.

"ये इकडं!" सर्वेश ओरडला. "ये, ये, इंजिनीअर मॅडम. ही तुझी केबल?"

शिवकन्येनं आधी आपली केबल चाचपली. थंड. लग थंड. फ्यूज थंड. केबल जितकी जाड तितकी निर्दोष. मग रबर जळाल्याचा वास कुठून येतोय? तिनं बॉनेटमध्ये मान घातली आणि अॅक्सिलेटरच्या केबलला बोट लावलं. चटका बसला. ती बारीकशी तार, पायाखालच्या पेडलपासून इंजिनापर्यंत येणारी, वरचं प्लास्टिक मऊ होऊन ओघळलं होतं.

तिला क्षणात कळलं आणि क्षणभर कळूच नये असं वाटलं.

"व्यंकट, पाना दे."

दादा म्हणायला ती विसरली. व्यंकटनं पाना दिला. तिनं अर्थचा बोल्ट खोलला. पट्टीखाली, तिनं रुपयासारखी घासलेली जागा चंदेरी ऑइल पेंटनं छान, जाडजूड, दोन हात देऊन रंगवलेली होती. भोकाच्या आतसुद्धा. परत यायचा रस्ताच बुजवलेला. करंटला तर परत यायचंच होतं. तो मग सापडेल त्या धातूतून घुसला, आणि त्याला ही तार सापडली; गाडी दर वेळी चालू करताना ती जास्तच तापत गेली.

"ह्यो रंग कुणी दिला?"

व्यंकट कान खाजवायला लागला. "आईनं. उघडं होतं म्हणून. देवापुढं... तूच उघडं टाकून गेलतीस की!"

"आणि तू वरून बोल्ट आवळलास?"

"तू आवळ म्हणालीस. आवळला."

"अरे काय लावलंय!" सर्वेशनं दोघांना बाजूला ढकललं. "फायनल आहे माझी. पोरं बोलवा, धक्का मारा, गाडी चालू होती धक्क्यानं."

आणि होणारच होती. हे शिवकन्येइतकं तिथं कुणालाच माहीत नव्हतं. धक्का मारला की सेल्फची गरज नाही. गाडी चालू होईल, फायनल पळेल, कदाचित जिंकेलही. मग सोमवारी स्पेशल बॅच. फक्त तोंड बंद ठेवायचं. पण त्या तारेचं प्लास्टिक आत वितळून तिला चिकटत होतं. सर्वेशनं अॅक्सिलेटर पूर्ण दाबला आणि पाय उचलला, तरी तार मागं आली नाही तर? वळणाच्या पलीकडं दोरी होती, आणि दोरीच्या पलीकडं टपावरून उतरलेली पोरं उभी होती.

"गाडी न्हाई जाणार," ती म्हणाली.

"तू कोण सांगणार?"

"अॅक्सिलेटर अडकणार. पाय काढलास तरी गाडी थांबणार न्हाई."

"भीती दाखवते! स्वतःचं काम बोंबललं म्हणून." तो आजूबाजूच्यांना सांगू लागला, "बघा, आमच्या लातूरची भूकंपग्रस्त पार्टी. जिथं जाईल तिथं पडझड."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. एक क्षण शिवकन्येला खरंच वाटलं, जा. जा बाबा, बस गाडीत, पळव. तुझं तू बघ.

तोवर मार्तंड सर आले. मागं दोन पालकही. सरांनी आवाज चढवला नाही. त्यांना कधी चढवावाच लागत नसे. "काय प्रकार आहे?"

तिनं सांगितलं. रंग, पट्टी, तार, सगळं धडाधडा. सर ऐकत होते, पण डोळे बॉनेटवरच्या पिवळ्या अक्षरांवर होते.

"धक्क्यानं सुरू होते ना गाडी?"

"होते, सर. पण..."

"एकच फेरी आहे. इतके लोक बघतायत. बाळ, तू क्लासची मुलगी आहेस ना? स्पेशल बॅचचं सर्वेश बोललाय माझ्याशी. मी हो म्हटलंय." मग ते हळू बोलले, जणू फळ्यावर उत्तराखाली रेघ मारत होते. "तेव्हा जरा समजून घे."

शिवकन्येनं समजून घेतलं. मग तिनं व्यंकटच्या खिशातून कटिंग प्लायर ओढला आणि अॅक्सिलेटरची तार कट्टकन् तोडली.

सर्वेश तिच्या अंगावर धावला. व्यंकट मध्ये आला, आईशप्पथ आला, आणि त्याच्या शर्टाची दोन बटणं गेली. "आमच्या पोरीला हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. शिवकन्या मागून ओरडली, "तुमची कुणाची न्हाई मी!" आणि मग सर्वेशकडं, "मरायचं तर दुसऱ्याच्या वायरिंगवर मर! माझ्या न्हाई!"

एका पालकानं तुटलेलं टोक धरून ओढून बघितलं. तार आतल्या आत जाम झालेली. त्यानं दोन्ही हातांनी जोर लावला, तरी ती नखभरही सरकली नाही. तो सरांकडं बघायला लागला. सरांनी बुटावरची माती झटकली.

"उद्यापासून येऊ नकोस," सर म्हणाले. "कुठल्याच बॅचला."

"पण सर, बघा की, जाम झालीय. मी म्हणाले तेच..."

"असेल. चार माणसांसमोर मी एक गोष्ट सांगितली आणि तू दुसरी केलीस."

ते तंबूकडं निघाले. पालकांपैकी एक त्यांच्याबरोबर गेला, एक नाही गेला.

शिवकन्येला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून तिनं पॉलिश पेपर काढला. खाली वाकली आणि रंग खरडायला लागली. सर्वेश वर उभा राहून शिव्या देत होता. ती घासत होती. चंदेरी चुरा तिच्या नखांत गेला. जागा पुन्हा चकचकीत झाल्यावर तिनं पट्टी बसवली, बोल्ट आवळला, आत हात घालून चावी फिरवली. सेल्फनं गरम इंजिन फुलासारखं उचललं. गाडी जागच्या जागी घुमत राहिली. तार तुटलेली, पेडल मोकळं. ती घुमू शकत होती, जाऊ शकत नव्हती.

"माझं काम झालं," तिनं गाडी बंद करून चावी टपावर ठेवली. "तार कुणाकडूनही घाल. पाच मिनिटांचं काम आहे. तुला बी जमंल."

परतीच्या एसटीनं लोहा मागं टाकलं. अहमदपूर आलं तेव्हा व्यंकट म्हणाला, "आईला रंगाचं सांगू नको."

"सांगणार."

"मग मी बी सांगीन, तूच उघडं टाकून गेलतीस."

"सांग."

घरी पोचले तेव्हा मामा दुकानाची फळी ओढत होते आणि मामी उंबऱ्यात गहू पाखडत होत्या. शिवकन्येनं चप्पलही काढली नाही. तिथंच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. रंगाशी आल्यावर मामींचं सूप थांबलं.

"देवाच्या दिवशी उघडं लोखंड ठेवू व्हय?" मामी कडाडल्या. "माझ्या सासूनं कधी ठेवलं न्हाई! आणि हिच्या एका बोल्टासाठी..."

"देवाला सांगायचं, अर्थ हाय म्हणून."

"ऐका! ऐका पोरीची जीभ! सरांच्या क्लासातून हाकलून आली आणि वर जीभ बघा! पाठवा गावाला उद्याच्या गाडीनं!"

मामांनी फळी खाली ठेवली. "तार का तोडलीस?" त्यांनी विचारलं. "बॅटरीचा लग खोलायचा. नुकसान कशाला करायचं लोकांचं?"

"लग त्यांनी परत लावला असता. माझ्यादेखत."

मामांनी फळी पुन्हा उचलून जागेवर लावली. मग मामींना म्हणाले, "गावाला न्हाई जाणार ती. लातुरात एक क्लास हाय व्हय? नाक्यापासून गंजगोलाईपर्यंत बोर्ड मोजता येत न्हाईत. उद्या सकाळी मी जातो तिच्यासंगं."

"सरांनी फोन फिरवला तर एक जण दारात उभं करणार न्हाई हिला!"

शिवकन्येलाही तीच भीती होती. पण मामींपुढं ते दिसू द्यायचं म्हणजे मेल्याहून मेलं.

"करतील उभं," ती म्हणाली, आणि चप्पल भिरकावून आत गेली. "त्यांच्याकडं बी गाड्या असतीलच की. बंद पडणाऱ्या."

मागून सूप पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जोरात.